फोटोवाल्याने सिनेमाचा कॅमेरा हाती घ्यायचा तर

बल्लारपुरात वर्षानुवर्षं स्टुडिओ चालवणाऱ्या आणि सवड मिळाली की ताडोबात वाघ टिपणाऱ्या माणसाला चाळिशीनंतर सिनेमॅटोग्राफीकडे वळता येईल का? दादासाहेब फाळके वळले होते. 1870 साली जन्मलेल्या फाळक्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला, पुढे छपाईचा व्यवसाय केला आणि 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ चित्रित केली. भांडवल उभं करायला त्यांना ती फिल्म उपयोगी पडली, पण फोटोवाल्याला पहिला धडा म्हणून आजही तीच द्यावी. फ्रेम तीच, विषय तोच, हलतो तो फक्त काळ.

फोटोत शटर आपल्या मर्जीचं. उडत्या नीलपंखाला 1/2000 लावलं की पीसन्‌पीस दिसतं. व्हिडिओत तेच केलं तर पंख झटके देत हलतात, कारण प्रत्येक फ्रेम कोरीव होते आणि एकीतून दुसरीत हालचाल मिसळत नाही. म्हणून सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 ठेवतात, फ्रेमच्या वेळेच्या निम्मं. आता मे महिन्यातली दुपार घ्या. आयएसओ 100 आणि शटर 1/50 असताना ॲपर्चर एफ/22 पर्यंत आवळावं लागतं. वाघ मागच्या बांबूपासून सुटा दिसायला मात्र एफ/4 हवं. मधला पाच स्टॉपचा उजेड अडवायचा तो लेन्सपुढच्या एनडी 32 फिल्टरने. नव्या कॅमेऱ्यावर पैसा ओतण्याआधी हा फिल्टर आणि ट्रायपॉडसाठी चांगला फ्लुइड हेड घ्यावा, असं माझं मत.

जिप्सीत ट्रायपॉड अडचणीचा. दांडीवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. वाघ फ्रेमबाहेर गेला तरी दहा सेकंद रेकॉर्डिंग चालू राहू द्या. जुनी सवय इथे नडते. क्षण मिळाला की बोट आपोआप थांबतं. एडिटरला मात्र तो रिकामा तुकडा कट मारायला लागतो. शिवाय नुसते वाघच आणू नका. पाणवठा, ओरडणारं वानर, मान वळवणारा गाइड, हे नसेल तर प्रसंग जुळत नाही.

रात्रीच्या सरावाला आपल्या झाडीपट्टी नाटकासारखी शाळा नाही. दिवाळीनंतर गावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की नाट्यमंडळाला विचारून रंगमंचासमोर उभं राहावं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. 1/50 किंवा 1/100 ला ते कळत नाही, 1/60 ला चित्रात फ्लिकर येतो. एलईडी दिव्यांचा नेम नाही; तिथे शटर किंचित मागेपुढे करून पाहायचं.

कामाचं म्हणाल, तर कुणी एकदम डीओपी, म्हणजे मुख्य छायालेखक, म्हणून घेत नाही. सुरुवात सहायक म्हणून, बहुधा वयाने बऱ्याच लहान माणसाच्या हाताखाली. ते पचत नसेल तर न वळलेलं बरं! पुण्याच्या एफटीआयआयचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम पाहावेत. स्टुडिओ मात्र बंद करू नये, पासपोर्ट फोटो घर चालवतात. आणि पर्यटक म्हणून वाघ टिपणं वेगळं, व्यावसायिक चित्रीकरण वेगळं. त्यासाठी वनविभागाची आगाऊ परवानगी लागते, शुल्कही निराळं भरावं लागतं.