घट्ट झाकणाचा डबा

मुंबईत लोकरीचं विणकाम करणाऱ्या बाईला कोणी फारसं मनावर घेत नाही. आमच्या मालाडची थंडी ती केवढी! जानेवारीतल्या चार सकाळी पंखा जरा उशिरा लावायचा, की झाला हिवाळा. तरीसुद्धा गेली पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षं माझ्या पिशवीत दोन सुया आणि एक लोकरीचा गुंडा असतोच असतो. दुसरा नाद स्वयंपाकाचा. तिसऱ्याला मी काटकसर म्हणते. आमच्याकडे ‘हे’ त्याला दुसरा एक शब्द वापरतात, पण तो दिवाळीच्या अंकात छापण्याजोगा नाही. हे तिन्ही नाद वर्षातून एकदा एकाच ठिकाणी माझ्या वाट्याला येतात आणि ते ठिकाण म्हणजे मढ.

मढ म्हटलं की हल्लीच्या मंडळींना बंगले आठवतात, सहली आठवतात, सिनेमाचं शूटिंग आठवतं. इतिहासाची आवड असली तर १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला तिथला किल्ला आठवतो. आम्हां सीकेपी लोकांना मात्र मढ म्हटलं की आगोट आठवते. हा शब्द शहरात आता फारसा कानी पडत नाही. मृग लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी घरात भरून ठेवायची, ती आगोट. कांदे, चिंच, मसाला, पापड हे तर झालंच. पण १ जूनपासून मासेमारीला बंदी, दर्या खवळलेला, ताजी मासळी दुर्मीळ नि महाग. तेव्हा सुकी मासळी घरात नसेल, तर आमच्या घरच्या पुरुषमाणसांचे चेहरे श्रावण लागण्याआधीच सोवळे व्हायला लागतात!

माझं लग्न १९७७ साली झालं. पहिल्याच वैशाखात सासूबाई मला घेऊन निघाल्या. मालाड स्टेशनवरून २७१ नंबरची बस. ती मीठ चौकी, मालवणी मागे टाकून एकदा का आक्शाच्या बाजूला लागली, की मुंबई संपल्यासारखी वाटे. ताडामाडांमधून वाऱ्याबरोबर एक वास यायला लागे, तो नाकाला सांगे की आता एरंगळ गेलं, मढ आलं. त्या एरंगळला समुद्राला अगदी लागून १५७५ सालचं चर्च आहे आणि जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे मोठी जत्रा भरते. पण आमचं लक्ष तिकडे नसे. वाळवणं कशी झाली आहेत, याकडेच सासूबाईंची नजर.

वलांडीवर बोंबील वाळत घातलेले ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बांबू रोवून त्यांना ओळीनं दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, दोरा नाही, चिमटा नाही. मासळीला मासळीनंच धरून ठेवलेलं! जवळा मात्र जमिनीवर पसरतात. सगळं काम उन्हाचं, आणि तेही बायकांच्या हातचं. पुरुष समुद्रावरून आणणार, पण निवडणं, वाळवणं, विकणं आणि पैसा मोजून घेणं कोळणीकडे. एखादी अवकाळी सर आली की दोन दिवसांचं वाळवण मातीला मिळतं. हल्ली अशा सरी कुठल्याही महिन्यात येतात, म्हणून भाव ऐकून नाक मुरडण्याआधी मी एकदा आभाळाकडे बघते.

सासूबाई भाव करत, पण घासाघीस करत नसत. या दोहोंत फरक आहे, तो मला त्यांनीच शिकवला. बोंबील हातात घेऊन मोडायचा, तो कट्कन मोडला तरच पुढचं बोलणं. वाकला तर ओल आहे, म्हणजे आपण मासळीच्या भावात पाणी विकत घेणार. जवळा चिमूटभर तळहातावर घ्यायचा, हलकी फुंकर मारायची आणि मागे वाळू किती उरली ते बघायचं. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, मुठीत दाबून सोडायचे. ते तळव्याला चिकटता कामा नयेत. एवढी परीक्षा झाली की त्या एकच आकडा सांगत आणि गप्प बसत. समोरची कोळीणमावशी दोन आकडे खाली येई, सासूबाई अर्धा आकडा वर जात. मग मावशी म्हणे, “घे गो बाय, तू काय माना सोडनार नाय!” आणि तराजूत वरून एक मूठ जास्तीची पडे. ती मूठ मागायची नसते. मागितली की मिळत नाही.

आता डब्याची गोष्ट. ती सांगायला मला आजही थोडी लाज वाटते.

१९७९ सालचा नोव्हेंबर असेल. दुपारी दारावर बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायका म्हणजे त्या काळच्या गृहिणींची खरी परीक्षा. तिच्या टोपलीत एक स्टेनलेस स्टीलचा डबा होता. चकचकीत, जाड पत्र्याचा, आणि झाकण असं घट्ट की उघडायला दोन्ही हात लागावेत. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी दोन साड्या काढल्या, यांच्या दोन पँटी काढल्या, एक सदरा टाकला. बोहारणीनं सगळे कपडे उजेडात धरून पाहिले आणि मान हलवली. “बाई, एक गरम कपडा टाका. डबा तुमचा.”

ट्रंकेच्या तळाशी राखी रंगाचा, बिनबाह्यांचा, हातविणीचा एक स्वेटर होता. कसरीनं खालच्या काठाला दोन भोकं पाडली होती. मी तो आणून तिच्या ढिगावर टाकला आणि डबा घेऊन, एखादा गड जिंकल्यासारखी, स्वयंपाकघरात आले.

सासूबाई आल्या. मी मोठ्या हौसेनं डबा दाखवला. काय काय दिलं, तेही सांगितलं. स्वेटरचं नाव आल्यावर त्या क्षणभर थांबल्या. मग डब्याचं झाकण त्यांनी लावून पाहिलं, काढून पाहिलं, आणि म्हणाल्या, “घट्ट आहे. सोडे ठेवायला होईल.” एवढंच.

रात्री यांनी मला सांगितलं ते असं. १९६२ साली चीनशी युद्ध झालं, तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, हातमोजे विणले. सासूबाई विणायला शिकल्या त्या तेव्हा. सरकारी रंगाच्या लोकरीतली उरलेली एक लडीसुद्धा त्यांनी मोजून परत केली. पण हात बसला होता, आणि सासऱ्यांना रेल्वेत रात्रपाळी असे. नवी लोकर घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून घरातला जुना मफलर उसवला, यांचं लहानपणचं स्वेटर उसवलं, आणि त्यातून तो राखी स्वेटर झाला. सासऱ्यांनी तो अकरा हिवाळे घातला. १९७४ मध्ये ते गेले.

मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनपर्यंत जाऊन तीन बोहारणींना विचारलं. पण गाठोड्यातून गेलेला कपडा कुठे सापडायचा!

मग मला वाटलं, आपण सासूबाईंना स्वेटर विणून द्यावा. विणकामातलं मला ओ की ठो येत नव्हतं. शेजारणीकडून टाके घालायला शिकले, सुलट-उलट शिकले आणि महिनाभर चोरून विणलं. संक्रांतीला तिळगुळाबरोबर त्यांच्यापुढे ठेवलं. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब, गळा असा की त्यातून डोकं जावं पण परत येऊ नये. सासूबाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, शेवटचा टाका शोधला आणि माझ्या डोळ्यांदेखत सर्रकन् उसवायला सुरुवात केली! माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांचं लक्षच नव्हतं. लोकर त्यांनी खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात रिठ्यानं धुतली आणि खाली वजन अडकवून टांगली, म्हणजे लोकरीतले नागमोडी वळसे जातात. तिसऱ्या दिवशी सुया माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “घाल टाके. गळ्याला यंदा जरा दया दाखव.”

असं तीन वेळा झालं. आज माझ्या हातची वीण जी काही बरी दिसते, ती त्या तीन उसवण्यांमुळे.

१९८० च्या आगोटीला आम्ही मढला गेलो, तेव्हा तिसरा प्रयत्न माझ्या पिशवीत होता. खरेदी झाली होती, बसला वेळ होता, म्हणून धक्क्याकडे गेलो. वेसाव्याची तर तिथेच लागते. खाडी ओलांडायला पाच-दहा मिनिटं पुरतात, आणि रस्त्यानं गेलं तर सगळा वळसा. तिथे एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. दोरा गुंडाळलेली चपटी सुई, आणि भोकं एकसारखी यावीत म्हणून बोटांत धरलेली लाकडाची पट्टी. सासूबाई त्याच्याजवळ फतकल मारून बसल्याच. पूर्वी सणाची, सुताची जाळी असत, ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत, नायलॉन आल्यापासून तो व्याप गेला, हे सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. मग माझं विणकाम पिशवीतून काढून त्याला दाखवलं. त्यानं ते बोटांनी ताणून पाहिलं आणि हसला. “यो तं एक दोरा ओढला का समदा उसवल. आमचा उसवत नाय गो बाय. गाठीवर गाठ हाय.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हणून तर तुम्हांला जन्मभर ठिगळं लावत बसावं लागतं. आम्ही उसवून पुन्हा नवं करतो.”

दोघंही हसले. मी हसले नाही, कारण मला एकदम तो राखी स्वेटर आठवला.

परतीच्या बसमध्ये डबा माझ्या मांडीवर होता, सोड्यांनी भरलेला. आक्सा गेल्यावर सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “त्या स्वेटरची लोकर मला पुन्हा उसवायची होती. त्यांच्या पश्चात दोनदा सुया घेऊन बसले. पण हात होईना. आणि कसर तर लागत होती. बरं झालं, गेला कोणाच्या तरी अंगावर.” हे खरं होतं, की माझं मन राखायला त्या बोलल्या, ते मला अजून कळलेलं नाही. १९९८ मध्ये त्या गेल्या. तोपर्यंत तो विषय पुन्हा निघाला नाही.

डबा मात्र आहे. त्याच्या झाकणाला एक पोचा पडला आहे, म्हणून आता फडक्याची पट्टी लावून बंद करावा लागतो. यंदाही वैशाखात तो घेऊन गेले होते. ती कोळीणमावशी आता नाही; तिची सून बसते. भाव असे झालेत की आकडा सांगून गप्प बसण्याआधी मलाच आवंढा गिळावा लागतो. पण वरची मूठ अजून पडते.

सोडे आणले की पहिल्या रविवारी खिचडी. नाव खिचडीचं, पण तीत डाळ नसते, हे परक्यांना पटवून देता देता माझा जन्म गेला. दोन वाट्या तांदूळ, वाटीभर सोडे. सोडे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, बारीक तुकडे करून, हळद, तिखट आणि आलं-लसणीचं वाटण चोळून ठेवावेत. कांदा तेलावर अगदी गुलाबी होऊ द्यावा. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट. मग सोडे परतावेत, बटाट्याच्या फोडी टाकाव्यात, धुतलेले तांदूळ परतावेत आणि चार वाट्या कढत पाणी. वर ओलं खोबरं नि कोथिंबीर. साजूक तुपाबद्दल मी काही सांगत नाही, ज्याचा त्याचा डॉक्टर.

तर या वर्षी त्या रविवारी माझी नात आली, ती एक पिशवी नाचवतच. “आजी, बघ, थ्रिफ्टमध्ये काय मिळालं! फक्त तीनशे रुपये!” जुन्या कपड्यांना आता इंग्रजी नाव मिळालं आहे, आणि नाव मिळालं की भाव मिळतो. आमच्या वेळी हेच कपडे घेताना माणसं मान खाली घालत. ही मुलं फोनवर फोटो टाकून मिरवतात. मला हा बदल आवडतो. नाहीतरी जुनी लोकर वाया जाऊ नये ही जुनीच गोष्ट आहे. पानिपत म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण आज त्याच पानिपतात ढिगांनी आलेले जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा धागा होतो आणि त्याची ब्लँकेटं होतात. आमचा राखी स्वेटर कुठवर गेला असेल, कोण जाणे.

नातीनं आणलेला स्वेटर हिरवा होता, हातविणीचा. मी तो सवयीनं उलटा केला. कोपराजवळ कोणीतरी गळलेला टाका दुसऱ्या रंगाच्या लोकरीनं उचलून घेतला होता, इतक्या निगुतीनं की सुलट बाजूनं पत्ता लागू नये. मी बराच वेळ त्या जागेवरून बोट फिरवत होते.

“काय झालं, आजी? फाटलाय?”

“नाही गं.”

“बाह्या फार लांब आहेत. तू उसवून मला दुसरा करून देशील?”

मी चष्मा पुसला, शेवटचा टाका कुठे आहे ते पाहून ठेवलं, आणि तिला म्हटलं, “आधी हात धू. खिचडी गार होते आहे.”