मुंबईचा मृत्युदर आणि फसवा छेद

मृत्युदर हा भागाकार असतो. म्हणून अंशाइतकाच छेदही तपासावा लागतो. १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग उद्भवला, भीतीने लोक गावी पळाले. तरी छेदात १८९१च्या जनगणनेचे सव्वाआठ लाखच धरले, तर दर खऱ्यापेक्षा कमी भासतो. आजारी गिरणी कामगारही रत्नागिरीची वाट धरत, आणि त्यांचे मृत्यू शहराच्या हिशेबातून निसटत.

मग १९२१मध्ये बालमृत्यू हजार जन्मांमागे ६००च्या वर कसे? तिथे छेदच आखडलेला होता: अनेक बाळंतपणे गावी होत, तान्ह्याचा मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई. म्हणजे आकडे निरुपयोगी, असे कुणी म्हणेल. तसे नाही. फुगवटा वजा केला तरी एका खोलीत कोंबलेल्या कुटुंबांची बाळे अधिक दगावत होती, हे उरतेच. दोष नोंदवहीत होता, तसाच चाळीतही.