दर्या आणि दऱ्या

आमच्या वाशीम जिल्ह्यात दऱ्या आहेत, दर्या नाही. हातात पेन असले की हा फरक मराठी माणूस सहज दाखवतो. संगणकावर मात्र तो नीट समजून घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबली, तरच ‘शेतकऱ्या’तला ‘ऱ’ उमटतो. नुसती ‘जे’ दाबली, की ‘या’च्या डोक्यावर रफार चढतो.

ही कटकट एकट्या मराठीची नव्हे. कोरियन लिपीत सुटी अक्षरे एका चौकटीत बसवतात. एखादे व्यंजन याच चौकटीतले की पुढच्या, हे पुढची कळ दाबेपर्यंत ठरत नाही. एक कळ म्हणजे एक अक्षर, असे गृहीत धरणारी सॉफ्टवेअर तिथेही अडखळतात.

आपले दुखणे आणखी खोल आहे. १९९१ साली देशी लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले, तरी डीटीपीच्या दुकानांतून ज्याचा त्याचा फॉन्ट चालत राहिला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले! १९९८ मध्ये वाशीम जिल्हा झाला, त्या सुमारास मी टाइप करून घेतलेले लेख आज उघडले, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण तो फॉन्टच आता संगणकावर नाही.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. विंध्यशक्ती दुसरा याचा इथला चौथ्या शतकातला ताम्रपट जाणकार आजही वाचतात. आपल्या घरातल्या जुन्या फायलीही नातवंडांना वाचता याव्यात, असे वाटत असेल तर त्या आताच युनिकोडमध्ये उतरवून घ्या.