जमिनीचे ऐकणारी कंपनी आणि तिचे कारभारी

विहीर खणण्याआधी जमिनीच्या पोटात काय आहे हे कळले तर किती बरे, असे प्रत्येक शेतकऱ्याला वाटते. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला म्हणून पाणी लागतेच असे नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. खनिज तेल शोधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो, फक्त त्यांची विहीर काही किलोमीटर खोल असते. ती कोरडी निघाली तर सगळा खर्च मातीत जातो.

या प्रश्नाचे उत्तर विकण्यासाठी १९३० साली अमेरिकेत एक कंपनी निघाली. तिचे नाव जिओफिजिकल सर्व्हिस इन्कॉर्पोरेटेड, थोडक्यात जीएसआय. पुढे हीच कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या नावाने जगाला माहीत झाली. तिची यंत्रे कशी चालत, हे आपण या लेखात पाहूच. पण त्याबरोबर ती चालवणाऱ्या माणसांचीही ओळख करून घेऊ. कंपनीच्या कारभाऱ्यांची माहिती विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. कोणत्या शोधामागे पैसा आणि माणसे लावायची, हे ठरवणारा कोणीतरी असतो. ठरवणाऱ्याला त्या विषयातले किती कळते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

प्रतिध्वनीचे गणित

डोंगरकड्यासमोर टाळी वाजवली तर काही वेळाने ती परत ऐकू येते. हा वेळ मोजला आणि ध्वनीचा वेग माहीत असला, तर कड्याचे अंतर काढता येते. जमिनीलाही अशीच टाळी देता येते. उथळ भोकात लहानसा स्फोट करायचा. त्याच्या लहरी खाली जातात, खडकांच्या दोन थरांच्या सीमेवरून त्यांचा काही भाग परत फिरतो आणि पृष्ठभागावर ठेवलेले जिओफोन तो टिपतात. जिओफोन म्हणजे जमिनीला लावलेला कान. लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांची एकमेकांसापेक्ष हालचाल झाली की विद्युतदाब निर्माण होतो. सायकलच्या डायनॅमोचेच हे तत्त्व.

समजा, खडकातील लहरीचा सरासरी वेग सेकंदाला २५०० मीटर आहे आणि प्रतिध्वनी २ सेकंदांनी परत आला. जाऊन येऊन ५००० मीटर अंतर झाले, म्हणजे थर २५०० मीटर खोल आहे. मुंबईच्या समुद्रात तेलाला अनुकूल अशा खडकरचनेचा सुगावा १९६० च्या दशकात याच तत्त्वाने लागला. तेथे १९७४ साली तेल मिळाले आणि तेच आपले बॉम्बे हाय.

पहिल्या महायुद्धात तोफेच्या आवाजावरून तोफेची जागा शोधण्याचे काम काही भौतिकशास्त्रज्ञांकडे होते. जॉन कार्चर हे त्यांपैकी एक. तोच विचार उलटा करून त्यांनी १९२१ साली ओक्लाहोमा राज्यात परावर्तनाचे प्रयोग केले. पुढे १९३० मध्ये युजीन मॅकडरमॉट यांच्यासह त्यांनी जीएसआय स्थापन केली.

चार भागीदार आणि एक आरमारी अधिकारी

प्रयोगशाळेचा कारभार पाहायला एरिक जॉन्सन हे यांत्रिकी अभियंते आले. सेसिल ग्रीन हे एमआयटीत शिकलेले विद्युत अभियंते सर्वेक्षण तुकडीचे प्रमुख म्हणून रुजू झाले. तुकडीप्रमुखाचे काम खुर्चीतले नव्हे. गाड्या, तारा, स्फोटके आणि माणसे घेऊन एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जायचे आणि रोजची नोंद वाचायची. नोंदीत प्रतिध्वनी कोठे आहे आणि वाऱ्याची व वाहनांची थरथर कोठे आहे, हे त्यांना डोळ्यांनी ओळखावे लागे. हव्या त्या माहितीला आपण संकेत म्हणतो आणि नको त्या थरथरीला गोंगाट. या माणसांना दोन्हींतला फरक वापरून वापरून कळला होता.

कंपनी विकायला निघाली तेव्हा जॉन्सन, ग्रीन, मॅकडरमॉट आणि बेट्स पीकॉक या चौघांनी मिळून ती विकत घेतली. किंमत होती सुमारे तीन लाख डॉलर आणि तारीख ६ डिसेंबर १९४१. दुसऱ्याच दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. तेलशोधाचे काम आता कसे चालणार, हा प्रश्न रातोरात उभा राहिला. पण क्षीण संकेत टिपण्याचे कौशल्य हाताशी होते. पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित फरक पडतो. तो विमानातून ओळखणारी यंत्रे कंपनीने आरमारासाठी तयार केली.

या व्यवहारात ओळख झालेले आरमाराचे अधिकारी पॅट्रिक हॅगर्टी यांना १९४५ मध्ये कंपनीत घेण्यात आले. यंत्रनिर्मिती वाढली, १९५१ मध्ये कंपनीचे नाव टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स झाले आणि जीएसआय तिची उपकंपनी बनली. पुढच्याच वर्षी हॅगर्टी यांच्या आग्रहाने ट्रान्झिस्टर बनवण्याचा परवाना २५,००० डॉलर देऊन घेतला गेला. त्यांनी बेल प्रयोगशाळेतून गॉर्डन टील या रसायनशास्त्रज्ञांना बोलावून घेतले. तेव्हाचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते आणि उष्णतेने निकामी होत. टील यांच्या गटाने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर तयार केला. १० मे १९५४ रोजी डेटन येथील परिषदेत त्यांनी ग्रामोफोनच्या वर्धकातील ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवून दाखवले. जर्मेनियमचा वर्धक बंद पडला, सिलिकॉनचे गाणे चालू राहिले. याच कंपनीत १९५८ साली जॅक किल्बी यांनी एकात्मिक मंडल तयार केले आणि २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

पाण्याचा ढोल

समुद्रात सर्वेक्षण करताना एक वेगळीच अडचण येते. लहर तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पुनःपुन्हा आपटत राहते. पाण्याचा थर ढोलासारखा घुमतो आणि त्या घुमण्यात खरे प्रतिध्वनी बुडून जातात. एमआयटीतून आलेल्या मायलो बॅकस यांनी जीएसआयमध्ये असताना १९५९ साली यावरचा उपाय प्रसिद्ध केला.

त्याचे मर्म फळ्यावर दाखवता येईल. सोयीसाठी असे धरू, की प्रत्येक घुमण्यात लहर निम्मी होते. प्रत्यक्षात तिचे चिन्हही बदलते, पण ते तूर्त बाजूला ठेवू. सारख्या अंतराने घेतलेली नोंद अशी आहे :

८, ४, ८, ४, २, १

यात प्रतिध्वनी किती? पाहणारा म्हणेल, दोन, आणि दोन्ही सारखे. आता प्रत्येक आकड्यातून त्याच्या आधीच्या आकड्याचा निम्मा वजा करा. उत्तर येते :

८, ०, ६, ०, ०, ०

म्हणजे प्रतिध्वनी दोनच, पण दुसरा ८ नव्हे, ६ होता. उरलेले २ हे पहिल्याचे घुमणे होते. संकेत संस्करण म्हणजे मुळात हेच. गोंगाट कसा तयार झाला हे समजून घ्यायचे आणि उलटी क्रिया करून तो काढून टाकायचा.

कागदावर उमटलेल्या रेघेतून मात्र अशी वजाबाकी करता येत नाही. त्यासाठी नोंद आकड्यांतच हवी. ही गणिती पद्धत एमआयटीत १९५० च्या दशकात एण्डर्स रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली होती. ग्रीन यांनी त्या संस्थेशी जवळचे नाते ठेवले होते. विद्यार्थ्यांना ते उन्हाळ्याच्या सुटीत सर्वेक्षणाच्या कामावर बोलावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने अंकीय नोंदणीची आणि संस्करणाची यंत्रे उभी केली. चालू असलेला रेघांचा धंदा मोडून आकड्यांकडे वळायचे, हा निर्णय सोपा नव्हता. ग्रीन यांच्यासारख्या माणसाला तो समजला, कारण घुमणाऱ्या नोंदी वाचताना येणारी निराशा त्यांच्या परिचयाची होती.

नाण्याची दुसरी बाजू

या कारभाऱ्यांचे आणि त्यांच्या वारसांचे सगळेच निर्णय बरोबर ठरले नाहीत. घरगुती संगणकाच्या स्पर्धेत मोठा तोटा सोसून कंपनीने १९८३ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. ज्या जीएसआयपासून सगळे सुरू झाले, तिचा मोठा हिस्सा १९८८ मध्ये विकला गेला.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. याच कंपनीने १९६० च्या दशकात लेसरच्या परावर्तनाचा माग काढत लक्ष्यावर जाणारे बॉम्ब तयार केले आणि ते व्हिएतनाममध्ये वापरले गेले. तोफ शोधणारा कान तेलाकडे वळला, तेलाचा कान पाणबुडीकडे आणि पुढे बॉम्बकडे. संवेदकाला हेतू नसतो. हेतू ठरवतात ते कारभारी, त्यांना कंत्राटे देणारी सरकारे आणि अशा सरकारांना निवडून देणारे आपण. विषय कळणाऱ्यांनी कारभार केला तर यंत्रे चांगली होतात, एवढेच या इतिहासावरून म्हणता येते. यंत्राचा उपयोगही चांगलाच होईल, याची हमी त्यातून मिळत नाही.

जॉन्सन, ग्रीन आणि मॅकडरमॉट यांनी १९६१ साली डॅलसमध्ये एक संशोधन केंद्र स्थापले. १९६९ मध्ये तेच टेक्सास विद्यापीठाचा भाग झाले. चांगले अभियंते हवे असतील तर आधी ते घडवावे लागतात, हे त्यांना पटले होते.

वर्गात ही वजाबाकी जरूर करून घ्या. नंतर एका विद्यार्थ्याला मनाशी दोन प्रतिध्वनी ठरवून त्यांची घुमणारी नोंद तयार करायला सांगा आणि बाकीच्यांनी ती उलगडावी. मुले पटकन शिकतात, असा आमचा अनुभव आहे. तास संपण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारा : हे यंत्र तुमच्या गावाला मिळाले तर ते कशासाठी वापरायचे, आणि ते कोणी ठरवायचे? याचे उत्तर वजाबाकीने निघत नाही, म्हणून त्याला थोडा जास्त वेळ द्या.