चौकटीतली माणसं : ९ – मागची भिंत

आज उजेडावर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. कारण मध्येच नेवाशाच्या एका विद्यार्थ्याचा निरोप आला : "सर, मागचं सगळं ब्लर कसं करायचं? आमच्या घराची भिंत लई बेकार दिसते." कॉलेजचा पाच मिनिटांचा प्रोजेक्ट, विषय आजी. सोबत क्लिपही होती.

क्लिप तीनदा पाहिली. आजी बोलतेय, आणि तिच्या उजव्या खांद्यामागे, पोपडे उडालेल्या भिंतीवर पेन्सिलीनं मांडलेला दुधाचा हिशेब आहे. उभ्या रेघा, पाचवी आडवी. अर्धं आयुष्य त्या भिंतीवर लिहिलंय आणि हा पठ्ठ्या ते पुसायला निघालाय!

मोबाईलचा ब्लर हा बराचसा अंदाजाचा कारभार. माणूस कुठं संपतो हे यंत्र ताडतं आणि हमखास केसांच्या बटा नाहीतर पदराची किनार खाऊन टाकतं. खरा ब्लर हवाच असेल तर माणूस कॅमेऱ्याजवळ घ्या, भिंत लांब ठेवा. पण हवाय कशाला?

हा धडा मी स्वतः ठेच लागून शिकलो. पहिल्या प्रोजेक्टला पाथर्डीकडच्या एका ऊसतोड बाईंची मुलाखत घेतली. 'स्वच्छ फ्रेम' म्हणून त्यांना कारखान्याच्या पांढऱ्या भिंतीपुढं बसवलं. त्यांची कोपी, चूल, टायरगाडी, सगळं माझ्या पाठीमागं राहिलं. एडिटिंगला बसल्यावर कळलं, आवाज बंद केला तर या बाई बँकेतल्याही वाटतील.

याच्या उलट उदाहरण दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं. ते नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत होते. त्या अभ्यासक्रमातला प्रोजेक्ट म्हणजे 'पिस्तुल्या' हा लघुपट. त्याला २०१० सालच्या चित्रपटांसाठीचा, दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग नगरजवळच्या अकोळनेरात त्यांचा 'फँड्री' हा चित्रपट झाला. त्यातली डुक्कर वाहून नेण्याची फ्रेम आठवा. नायक जब्याचं कुटुंब काठीला बांधलेलं डुक्कर घेऊन शाळेच्या भिंतीपुढून जातं. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा. कुणी काही बोलत नाही. छायालेखक विक्रम अमलाडी यांनी ती भिंत धूसर केली असती, तर उरलं असतं नुसतं ओझं वाहणारं कुटुंब. माझ्या मते मराठी सिनेमातली ही सगळ्यात बोलकी भिंत आहे. भाषण एक नाही, संगीताचा आग्रह नाही; पुढे काय चाललंय आणि मागे कोण आहे, एवढंच.

तेव्हा नेवासकर, आजीला खाटेवर दोन हात उजवीकडे सरकव. गेल्या आठवड्यात सांगितलेल्या, चौकटीचे तीन भाग करणाऱ्या रेघा मोबाईलवर चालू कर. आजी उजव्या रेघेवर, दुधाचा हिशेब डाव्या. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला. वरून धरलास तर भिंत जाते आणि शेणानं सारवलेली जमीनच येते. भिंतीवर कॅलेंडर असेल तर ते मात्र काढ. त्यावरच्या नटीकडे नजर जाते आणि आजी राहते बाजूला.

उजेडासाठी पुढच्या खेपेला चांदबिबी महालाच्या कमानीत उभं राहू. आणि दिवाळी जवळ आलीय म्हणून सांगतो : प्रोजेक्ट जमा होईपर्यंत घरच्यांना त्या भिंतीला चुना मारू देऊ नकोस.