अदृश्य सीता आणि पडद्यावरचे महानायक

महानायकांच्या चित्रपटांतून साहित्य शिकवायचे, तर गोंदिया जिल्ह्यातल्या शिक्षकाने सर्वांत आधी भवभूतीला जवळ करावे. ‘महावीरचरिता’च्या प्रस्तावनेत त्याने आपल्या घराण्याचे गाव पद्मपूर असे सांगितले आहे. आमगावजवळचे पदमपूर तेच, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला असलेला हा नाटककार या मातीतला मानला जातो आणि त्याचे ‘उत्तररामचरित’ आजच्या महानायकपटांशी थेट बोलू शकते.

नाटकाचा पेच पंधरा वर्षांच्या मुलाला चटकन समजतो. सामर्थ्य अफाट आहे, पण ज्या पदामुळे ते मिळाले त्याच पदापायी सर्वांत जवळचे माणूस गमवावे लागते. 2002च्या ‘स्पायडर-मॅन’च्या शेवटी पीटर मेरी जेनचे प्रेम नाकारतो, कारण त्याच्या शत्रूंचा घाला तिच्यावर पडेल. नाटकाच्या पहिल्या अंकात हेर दुर्मुख लोकापवादाची बातमी आणतो आणि राम सीतेच्या त्यागाचा निर्णय घेतो, तेव्हा ती त्याच्या बाहूवर डोके ठेवून झोपलेली असते. साम्य दाखवून तास संपवला तर हाती काही लागत नाही. शिकवण्याजोगे आहे ते फरकात. पीटर निदान तिच्यासमोर उभा राहून नकार देतो. राम सीतेला सांगतही नाही. कर्तव्य त्याचे, वनवास तिचा. हा फरक मुलांनी स्वतः शोधावा, कारण पात्राच्या कृतीचे मोल कोण चुकवते हे पाहू लागले की नाटकाचे वाचन खऱ्या अर्थाने सुरू होते.

तिसरा अंक सर्वांत समृद्ध आहे आणि त्याला दोन-तीन तास दिले तरी कमीच. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. भागीरथीच्या वराने अदृश्य झालेली सीता तमसा या नदीदेवतेसह तिथेच आहे. तो विलाप करतो, मूर्च्छित पडतो, तिच्या स्पर्शाने शुद्धीवर येतो, स्पर्श ओळखतो, पण ती त्याला दिसत नाही. याच्या शेजारी 1987चा ‘मिस्टर इंडिया’ ठेवावा. त्यातला नायक यंत्राच्या साहाय्याने अदृश्य होतो आणि फक्त लाल प्रकाशात दिसतो. एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवावा, मग आवाजासह. अदृश्यता दाखवायला कॅमेऱ्याला रिकामी चौकट आणि आपोआप हलणाऱ्या वस्तू लागतात. रंगमंचावर सीतेचे काम करणारी नटी सर्वांसमोर उभी असते. ती अदृश्य आहे हे केवळ इतर पात्रांच्या संवादांतून आणि वागण्यातून ठरते. मंडईच्या निमित्ताने रात्रभर झाडीपट्टीची नाटके पाहणाऱ्या अर्जुनी मोरगावकडच्या मुलांना हा संकेत वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग प्रश्न विचारावा: इथे कोणाला काय ठाऊक आहे? दोन्हीकडे प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहिती असते. चित्रपटात त्यातून हसू फुटते, कारण मार खाणाऱ्या गुंडाला मारणारा दिसत नाही. नाटकात तीच युक्ती जीव कासावीस करते. एकाच रचनेतून हास्य आणि करुण हे दोन रस कसे निघतात, हे व्याख्या पाठ करून समजणार नाही. दोन प्रसंग लागोपाठ अनुभवले की समजते. एच. जी. वेल्सच्या 1897च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये अदृश्यता माणसाला क्रौर्याकडे नेते, वेळ असेल तर तेही सांगावे.

दुसऱ्या अंकातला शंबूकवध मात्र वगळू नये. शूद्र असून तप केले म्हणून शंबूकाचा वध होतो; वार करण्यापूर्वी राम स्वतःच्या उजव्या हाताला निष्ठुर होण्यास बजावतो. मेल्यावर शंबूक दिव्यरूपात प्रकटून रामाचे आभारच मानतो. बलवान नायक कोणाची व्यवस्था राखतो, हा प्रश्न महानायकपटांबद्दल विचारता येतो, तसाच तो इथेही विचारायला हवा. भवभूतीच्या काव्याची थोरवी मान्य करूनही या आभारांवर मुलांनी हरकत घेतली, तर ती उत्तम समीक्षा आहे.

नाटकाच्या शेवटासाठी 2023चा ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ उपयोगी पडतो. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही आघात ठरलेलेच असतात, हे माइल्स मोरालेसला सांगितले जाते आणि तो ते झुगारतो. वाल्मीकी रामायणात सीता धरणीत लुप्त होते. भवभूतीने तो शेवट बदलला. सातव्या अंकात गंगाकाठी अप्सरा वाल्मीकींनी रचलेले नाटक करतात, राम प्रेक्षकांत बसलेला असतो आणि आपलीच कथा पाहताना भान हरपतो. मग वसिष्ठपत्नी अरुंधती सीतेला घेऊन येते आणि पुनर्मीलन होते. मुलांना दोन्ही शेवट वाचायला द्यावेत आणि सीतेच्या तोंडून एक पानभर स्वगत लिहायला सांगावे: तिने कोणता शेवट निवडला असता, आणि का?