मल्याळमचे मास्तर मंत्री होतात

आपल्याकडे भाषेच्या मास्तरांना एक ठरलेला साचा आहे. धोतर-कोट असो की पँट-बुशशर्ट, गृहस्थ गरीब असावा, त्याने समास सोडवावेत, निबंधाच्या वह्या घरी न्याव्यात, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन मुकाट्याने घरी जावे. असा मनुष्य उठून एका सबंध राज्याच्या शिक्षणखात्याची किल्ली हाती घेईल, आणि त्याच्या एका विधेयकापायी सुप्रीम कोर्ट, राष्ट्रपती, बिशप आणि रस्त्यावरचा जमाव असे सगळे हलतील, हे आपल्याला एखाद्या नाटकातलेच वाटेल. केरळात ते घडले. त्या मास्तरांचे नाव जोसेफ मुंडश्शेरी.

त्रिशूरजवळच्या कंडश्शांकडवु या गावी 17 जुलै 1903 रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे कॅथलिक ख्रिस्ती. मौज अशी की, या भावी साहित्यपंडिताची पहिली पदवी भौतिकशास्त्राची. पुढे मद्रास विद्यापीठाची संस्कृत आणि मल्याळमची एम.ए. घेऊन ते त्रिशूरच्या सेंट थॉमस कॉलेजात भाषा शिकवू लागले आणि 1952 पर्यंत तिथेच होते. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे खडू, फळा आणि कालिदास. कॉलेज चर्चचे, प्राध्यापक ख्रिस्ती, शिकवायचे संस्कृत काव्य. यात त्या गावाला काहीच नवल वाटत नसे, ही मला त्रिशूरची फार मोठी गोष्ट वाटते.

नुसते शिकवून थांबणारा हा मनुष्य नव्हता. एम. पी. पॉल आणि कुट्टिकृष्ण मारार यांच्या जोडीने मल्याळम समीक्षेतले तिसरे मोठे नाव मुंडश्शेरींचे घेतात. ‘मंगलोदयम्’ मासिकाचे संपादन त्यांनी केले. ‘काव्यपीठिका’ या ग्रंथात आपले काव्यशास्त्र आणि पाश्चात्त्यांचे काव्यशास्त्र यांची सांगड घातली. पुढे पुरोगामी लेखकांच्या चळवळीत शिरले आणि तिथे वाद ओढवून घेतला. लेखनात आशय जनतेचा असला म्हणजे भागले, असे मानणाऱ्या कम्युनिस्ट मित्रांना त्यांनी ऐकवले की, आशय कितीही थोर असो, रूप घडीव नसेल तर ती कलाकृतीच नव्हे. ‘रूपभद्रता’ हा त्यांचा शब्द. त्यावरून चळवळीत उभी फूट पडली. विरुद्ध बाजूला ई. एम. एस. नंबुद्रिपाद होते. आणि पुढे याच नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळात मुंडश्शेरी शिक्षणमंत्री झाले! साहित्यातली भांडणे राजकारणात विसरता येतात, याचा हा दुर्मिळ दाखला. उलटे मात्र फारसे घडत नाही.

‘प्रोफेसर’ नावाची एक कादंबरीही त्यांनी लिहिली. खासगी कॉलेजातल्या अध्यापकाची परवड हा तिचा विषय. ती नीट समजायला मला मल्याळमची गरज नाही. माझे वडील एका खासगी शाळेत मराठी शिकवीत. पगाराच्या दिवशी ते सही एका आकड्यावर करीत आणि घरी दुसराच आकडा आणीत. फरक कुठे जातो हे आईने विचारले की म्हणत, “संस्थेची इमारत व्हायची आहे.” इमारत झाली. त्यानंतरही आकडे दोनच राहिले. शाळेचे नाव सांगून काय करायचे? तेव्हा अशा शाळा गावोगाव होत्या.

केरळातही हाच रिवाज होता. तिथल्या बहुतेक शाळा खासगी, काही चर्चच्या, काही नायर सर्व्हिस सोसायटीसारख्या जातिसंस्थांच्या, काही एकेकट्या मालकांच्या. अनुदान सरकारचे, नेमणूक मॅनेजरची आणि नोकरी मॅनेजरच्या मर्जीवर. तिथे मॅनेजर हा शब्द आपल्या ‘संस्थाचालक’ या शब्दाइतकाच वजनदार आहे. शाळांना हात लावणे किती अवघड, हे सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्यासारख्या करड्या दिवाणालाही 1945 च्या सुमारास कळून चुकले होते. प्राथमिक शाळा सरकारी करण्याचा त्यांचा बेत बिशपांच्या विरोधापुढे टिकला नाही.

मुंडश्शेरी 1948 मध्ये कोचीनच्या विधिमंडळात गेले, 1954 मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या विधानसभेत. मग 5 एप्रिल 1957 रोजी नंबुद्रिपादांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि तीनच महिन्यांत, जुलैमध्ये, नव्या शिक्षणमंत्र्यांनी आपले विधेयक सभागृहात मांडले. विधेयक वाचताना कोणाच्याही लक्षात यावे की, हे कारकुनाने लिहिलेले नाही, शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या डोक्यातून निघाले आहे. नववे कलम सांगे : अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार थेट किंवा मुख्याध्यापकामार्फत देईल. मॅनेजरचा हात मधून गेला. अकरावे कलम सांगे : शिक्षक निवडायचा तो पब्लिक सर्व्हिस कमिशनने केलेल्या यादीतून. भाच्या-पुतण्यांची सोय बंद झाली. शाळेचा कारभार बिघडला तर सरकारने तो काही काळ ताब्यात घ्यावा, आणि प्राथमिक वर्गांत फी घेऊ नये, अशीही कलमे होती.

सप्टेंबरमध्ये विधेयक संमत झाले आणि वादळ उठले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सही न करता ते सुप्रीम कोर्टाच्या सल्ल्यासाठी पाठवले. केरळ सरकारची बाजू मांडायला विलायतेहून डी. एन. प्रिट हे नामांकित बॅरिस्टर आले होते. 22 मे 1958 रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या कोर्टाने मत दिले. शिक्षकांच्या पगाराचे आणि निवडीचे नियम अनुदानाची अट म्हणून चालतील, पण शाळा ताब्यात घेणे आणि भरपाई न देता फी बंद करणे अल्पसंख्याकांच्या संस्थांना लागू करता येणार नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे मत आजही पाठ करावे लागते. त्याच्या मुळाशी एका मल्याळमच्या मास्तरांचा पगाराचा अनुभव आहे, हे त्यांना कोणी सांगते की नाही, कोण जाणे.

दुरुस्त विधेयकाला फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण तोवर शाळेचा प्रश्न शाळेपुरता राहिला नव्हता. जमीनसुधारणेने दुखावलेले जमीनदार, पाठ्यपुस्तकांत कम्युनिझम घुसवतात अशी भीती घेतलेले पालक, काँग्रेस, चर्च आणि नायर समाजाचे पुढारी मन्नत्तु पद्मनाभन असे सगळे एकत्र आले. जूनमध्ये ‘विमोचन समरम्’ सुरू झाले. 13 जून 1959 रोजी अंगमालीला पोलिसांच्या गोळीबारात सात माणसे मेली. शाळांपुढे निरोधने झाली, बायाबापड्या तुरुंगात गेल्या. 31 जुलै रोजी केंद्राने सरकार बरखास्त केले.

माझे मत स्पष्ट सांगतो. गोळीबाराचे समर्थन कोणालाही करता येणार नाही. मुंडश्शेरींनी चर्चला आणि सोसायटीला थोडे आधी विश्वासात घ्यायला हवे होते, असेही मला वाटते. वर्गावर हुकमत चालवायची सवय झालेला माणूस सभागृहातही तसाच बोलतो, आणि बिशप काही विद्यार्थी नव्हेत. पण चाळीस वर्षे दोन आकड्यांवर सही केलेल्या शिक्षकाची बाजू कायद्याच्या भाषेत मांडणारा मंत्री आधी कोणी पाहिला होता? आपल्या महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या नोकरांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा. आणि शिक्षक कोणी निवडायचा, संस्थेने की सरकारने, हा तंटा ‘पवित्र पोर्टल’ आल्यावर आपल्याकडेही नव्याने पेटला, तो वाचकांना ठाऊक आहेच.

मंत्रिपद गेल्यावर मुंडश्शेरी रडत बसले नाहीत. लिहीत राहिले. आत्मचरित्राला नाव दिले ‘कोळिञ्ञ इलकळ्’, म्हणजे गळलेली पाने. 1971 मध्ये कोचीन विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच. 25 ऑक्टोबर 1977 रोजी ते वारले.

त्यांच्या कायद्याचे काय झाले? तो रद्द झाला नाही. 1960 मध्ये नव्या सरकारने अकरावे कलम बदलले आणि नेमणुकीचा अधिकार पुन्हा मॅनेजरकडे गेला. केरळच्या अनुदानित शाळांत आजही शिक्षक नेमतो तो मॅनेजर. नववे कलम मात्र कोणी काढले नाही. पगार सरकारी तिजोरीतून येतो, आणि सही एकाच आकड्यावर होते.